बसून जायची गाडी

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळ. ठिकाण: कांजूरमार्गचं वर्कशॉप, जिथे गाड्यांच्या बॉड्या बांधतात. हजर: आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष, माझ्या दादाच्या शेजारच्या वहिनी, वर्कशॉपचे मालक आणि मी. गैरहजर: दादा. त्याच्यासाठीच मी ॲम्ब्युलन्सच्या या कमिटीत शिरले होते, आणि हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

बैठकीची सुरुवात अशी लिहायची मला सवय आहे. ऑफिसात माझं तेच काम. कोण आलं, काय ठरलं, काय राहिलं. घरी फ्रिजवरही यादी असते. मुलगी म्हणते, "आई, तू मेलीस तरी जाताना खाली टिक मारून जाशील." या गाडीच्या कामातलं एक काम मात्र काही केल्या होत नाहीये.

आमचं माहेर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत. वडील कोकणातून गिरणीत आले. गिरणी बंद पडल्यावर दादाने दिव्यांच्या माळा भाड्याने द्यायचा धंदा काढला. लग्न, पूजा, गणपती, वस्तीतल्या प्रत्येक मांडवाची रोषणाई त्याची. त्याने लग्न केलं नाही. मी लग्न होऊन मुलुंडला गेले, तो त्याच खोलीत राहिला. आता त्याची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं. त्याला आडवं झोपता येत नाही. आडवं केलं की बुडणाऱ्या माणसासारखे हात मारायला लागतो.

मार्चमध्ये भर दुपारी वीज गेली, मशीन बंद पडलं आणि त्याला धाप लागली. शेजाऱ्यांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली आणलं. आमच्याकडे आजारी माणूस खुर्चीतूनच उतरतो, स्ट्रेचर त्या पायऱ्यांवर वळत नाही. बाहेरची मोठी ॲम्ब्युलन्सही खालच्या नाक्याच्या पुढे चढत नाही. म्हणून मंडळाची जुनी व्हॅन बोलावली. ती एकच व्हॅन आजाऱ्यांना हॉस्पिटलात न्यायची आणि मेलेल्यांना स्मशानात. दादाला आत ठेवलं, तर खालच्या रबरी मॅटला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. आदल्या दिवशी कोणाला तरी पोचवलं होतं. दादा तसाच धापा टाकत उठला, खाली उतरला आणि समोर उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसला. कोणालाच आवरला नाही.

हॉस्पिटलात मास्क बाजूला करून त्याने मला सांगितलं, "त्या गाडयेत माका परत घालू नको. मी अजून जिवंत आसंय." चिडला की तो मालवणीत जातो.

डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "या वेळी रिक्षाने निभावलं. पुढच्या वेळी रस्त्यातच ऑक्सिजन लागेल. ॲम्ब्युलन्सशिवाय आणू नका."

म्हणजे पुढचा झटका येईल तेव्हा दादा गाडीत बसला तर वाचेल, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते. त्यातच जुन्या व्हॅनची मुदत संपून ती भंगारात निघाली, आणि वस्तीत वाढून मोठ्या झालेल्या एका माणसाने मंडळाला नवी व्हॅन देणगी दिली. आतून नुसता पत्रा. आत काय बसवायचं, दिवे कुठे लावायचे, हे मंडळाने ठरवायचं होतं. मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, ते मी बघते.

वर्कशॉपमध्ये मालकांनी जमिनीवर खडूने गाडीचा पुरा आकार काढून ठेवला होता. मी रिक्षातून दादाच्या घरची प्लास्टिकची खुर्ची आणली होती. ती खडूच्या रेघेच्या आत ठेवून मी तिच्यावर बसले.

"मॅडम, ॲम्ब्युलन्समध्ये पेशंट झोपतो," मालक म्हणाले. "बसायला ही काय शेअर रिक्षा आहे?"

"आमचा बसतो. झोपवला तर मरतो."

मग त्यांनी खुर्चीभोवती माप घेतलं. ठरलं ते असं. स्ट्रेचर एका बाजूला आणि त्याच्या समोर, मागच्या दाराकडे तोंड करून, पट्ट्याची एक सरळ पाठीची सीट. आमच्या डोंगरावर गाडीला वळायला जागा नाही, ती रिव्हर्सने चढते आणि तोंड पुढे करून उतरते. मागे तोंड करून बसलेला माणूस उतारावर पाठीला टेकून राहील, पुढे घसरणार नाही. स्ट्रेचरवरच्या माणसाचं डोकं मात्र ड्रायव्हरच्या बाजूला असतं, म्हणजे उतरताना डोकं खाली आणि पाय वर. म्हणून डोक्याकडचा भाग चांगला उंच उचलता येईल असा करायचा. सीटशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, हाताला लागेल असा. आणि सीटच्या बाजूला स्वच्छ काचेची खिडकी, दुधी नको.

"बाहेरून दिसेल ना आतला," मालक म्हणाले.

"दिसू दे. बसलाय हे दिसू दे."

अध्यक्षांचं सगळं लक्ष दिव्यांवर होतं. "पट्टी पाहिजे ती टपभर," ते म्हणाले. "एकदम झकास. मंडळाची गाडी आली हे लांबून कळलं पाहिजे."

"टपावर?" वहिनी म्हणाल्या. "अहो, आमच्या गल्लीत केबलच्या वायरी माणसाच्या डोक्याला लागतात. पहिल्याच दिवशी तुमची पट्टी खाली, आणि सोबत अख्ख्या वस्तीचा टीव्ही."

मी म्हणाले, दिव्यांचं आपण दादाला विचारू. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. वस्तीत दिव्यांच्या बाबतीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही. माझा हिशोब वेगळा होता. जे दिवे त्याने स्वतः मांडले, त्या गाडीत बसायला तो नाही म्हणणार नाही.

निघताना अध्यक्ष सहज बोलल्यासारखे मालकांना म्हणाले, "आणि तो स्टीलचा ट्रे. आरटीओच्या पासिंगच्या वेळी नको. नंबर आला की बसवू."

"कसला ट्रे?" मी विचारलं.

मालकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "मयताचा."

मी तिथे आवाज चढवला. गाडी आजाऱ्यांसाठी आहे, कागदावर ॲम्ब्युलन्स आहे, हे कायद्यात बसत नाही, सगळं बोलले. वहिनींनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला रिक्षावाला घेतो का गं? जुनी व्हॅन बंद होती तेव्हा ह्यांना आम्ही हातगाडीवरून खाली नेलं. पाण्याच्या कॅन आणतात ना, त्या हातगाडीवरून. पाय बाहेर येत होते. मी पूर्ण उतारभर ते पाय धरून चालले." आणि पुढे, "तुझ्या दादाला रोजचा चहा मीच देते. तो मेलेला मला नकोय. पण तू मुलुंडला राहतेस."

मी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि गाडीचे फोटो दादाला दाखवले. त्याने नळी नाकात नीट बसवली, चष्मा लावला आणि पहिल्याच फोटोला म्हणाला, "गोल फिरणारा दिवा नको. तो वरातीत शोभतो."

मग तासभर तो बोलत होता. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरं वाक्य. टपावर काही नको. पुढच्या जाळीत दोन झगमगते, आरशांच्या खाली दोन, म्हणजे नाक्यावर बाजूने येणाऱ्यालाही दिसतील. मागे खाली, बंपरच्या उंचीला दोन, कारण आमच्याकडे गाडी मागूनच येते, माणसांना आधी तिची पाठ दिसते. मागच्या दारावर एक स्थिर पांढरा दिवा, पायऱ्यांवर उजेड टाकणारा, खुर्ची धरणाऱ्यांचा पाय चुकायला नको. आणि झगमग बंद करायचं बटण ड्रायव्हरच्या बोटाखाली.

"बंद कशाला?"

"गल्लीत शिरताना. दिवे झगमगले की सगळी माणसं दारात येतात. दारातून गल्लीत येतात. मग गाडी जाणार कुठून? डोक्यावरून?" हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी त्याची पाठ धरून बसले. पाठीची हाडं माझ्या हाताला मोजता येत होती.

थांबल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "माका गाडयेत बसवूक दिवे मांडूक लावतंस ना गो?"

"हो," मी म्हणाले.

"बरे मांडलेत मी. बसेन." मग लगेच, "ह्या गाडयेतून मयत नेणार नाय ना?"

मी ट्रेचं सांगितलं. खोटं बोलले असते तरी त्याला आठवड्याभरात कळलं असतं. वस्तीत काहीच लपत नाही. त्याने चष्मा काढून ठेवला. मग साध्या मराठीत, अगदी हळू म्हणाला, "ट्रे बसला त्या दिवसापासून मला ती गाडी नको. खुर्चीत बसवून उचललंत तर अर्ध्या पायऱ्यांवर मी खुर्ची सोडेन. तुला माहितीये मी सोडेन."

मला माहीत होतं.

गाडी महिनाभरात आली. पासिंग झालं. वस्तीने नारळ फोडला. अध्यक्षांनी टपावर पट्टी लावली नाही, पण पुढच्या काचेवर मंडळाचं नाव इतकं मोठं लिहिलं की ड्रायव्हरला समोरचं जेमतेम दिसत होतं. ते निम्मं खरवडायला मला आणखी दोन बैठका लागल्या. दादाला खुर्चीतून खाली आणून गाडी दाखवली. तो आत जाऊन सीटवर बसला, पट्टा लावला, मागचे दिवे चालू करायला सांगितले, बंद करायला सांगितले. डावा जरा वाकडा आहे म्हणाला. ड्रायव्हरने तिथेच सरळ केला. खिडकीच्या काचेतून मला तो दिसत होता, ताठ बसलेला, मांडवाची माळ पहिल्यांदा पेटवताना बसायचा तसा. किती तरी दिवसांनी मला वाटलं की हे जमेल.

त्या वेळी तो ट्रे मंडळाच्या खोलीत, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, भिंतीला उभा होता.

मी वहिनींकडे गेले, त्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि हात जोडले. खरोखर जोडले. त्या चहाची भांडी घासत होत्या.

"उठ गं, नाटकं करू नको," त्या म्हणाल्या. "ट्रे तूर्तास राहू दे उभा. पण वस्तीत कोणी गेलं, की त्या दिवशी बसणार. परत हातगाडी मी बघणार नाही. मयतासाठी दुसरी गाडी तू आण, मी ट्रे स्वतः भंगारात देते."

अध्यक्षांनीही तेच धरलं. तेव्हापासून मी मयतासाठी गाडी शोधतेय. बाहेरच्या शववाहिन्यांना विचारलं, त्या नाक्याच्या वर यायला तयार नाहीत. मग छोटे टेम्पोवाले. भाजीवाला म्हणाला, "ताई, उद्या त्यातूनच कोथिंबीर येते." गादीवाल्याने फोनच ठेवला. दुधाच्या टेम्पोवाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं तुमच्यात?" कोणी नाही म्हटल्यावर त्याला मी वेडी वाटले असणार. कोणी मेलेलं नसताना मयतासाठी गाडी ठरवत फिरणारी बाई.

आणि वेड लागल्यासारखीच मी वागतेय. रविवारी दादाकडे जाते ती थेट जात नाही. आधी वरच्या ओळीतल्या आजींकडे, त्यांची शुगर कशी आहे. मग नळाजवळचे काका, ते गोळ्या घेतात की नाही. एकांना मी स्वतः तपासणीला नेलं, फळं दिली. लोक म्हणतात, मुलुंडला राहून बाईला वस्तीची केवढी काळजी. मी त्यांच्या दारातून बाहेर पडताना फक्त एवढंच मोजते, की आज तरी कोणी जाणारं दिसत नाही. दादाच्या मशीनला मी बॅटरी बसवली, वीज गेली तरी थोडा वेळ निघेल. पण त्याचे ओठ आता सकाळीही निळसर दिसतात, आणि पूर्वीइतकी वाक्यंसुद्धा तो बोलत नाही.

काल वहिनींचा फोन आला. दादा ठीक आहे, म्हणाल्या, आधी तेच सांगते. वरच्या ओळीतल्या आजींनी परवापासून अन्न सोडलंय. डॉक्टर येऊन गेले. मुलाला गावाहून बोलावलंय.

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाल्या, "तुझ्या टेम्पोचं काही झालं का?"

मासळीच्या टेम्पोवाल्याने सोमवारी सांगतो म्हटलं होतं. आज बुधवार. सकाळपासून मी त्याला फोन लावतेय, रिंग जाते आणि कोणी उचलत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्याच्या घरी जाणार आहे. गाडी, सीट, खिडकी, दिवे, बॅटरी, सगळ्यांवर टिक आहे. मयतासाठी टेम्पो, बाकी.