स्विच सगळं विसरला ती दुपार

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाच्या वर एक गार खोली आहे. आसपासच्या गावांना घरोघरी इंटरनेट देणाऱ्या अमृतरावांची ती खोली, आणि तिथली यंत्रं सांभाळते ती डोंगरकड्याची शिवकन्या. सगळ्या गावांच्या तारा जिथं येऊन मिळतात त्या स्विचसमोर बसलं, की तिला तळ्याकाठी बसल्यासारखं वाटायचं. हिरवे दिवे लुकलुकत राहायचे आणि तिचं मन कुठल्या कुठं जायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. स्विचमधलं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, नवं घालायचं होतं. दोन्ही मावतील एवढी जागा आत नव्हती. तिनं जुनं पुसलं, नवं पाठवलं, आणि ते पुरतं उतरलं का हे न पाहताच स्विच बंद करून परत चालू केला.

दिवे विझले ते विझलेच. लॅपटॉपवर एकच ओळ येऊन थांबली. नव्या सॉफ्टवेअरची फाइल अर्धवट उतरली होती.

जुन्या सॉफ्टवेअरची प्रत लॅपटॉपमध्ये होती, पण ती आत पाठवायला आता एक बारीक निळी केबल तेवढी उरली होती. तिच्यातून फाइल थेंबाथेंबानं जाणार. शिवकन्यानं फोन करून अमृतरावांना आपली चूक सांगितली. ते म्हणाले, गावांना मी सांगतो, तू तिथून हलू नको.

ती बसून राहिली. खाली ट्रक येत होते, जात होते, आणि आवाज पाण्याखालून यावेत तसे वर येत होते.

तेवढ्यात जिना चढून आशाबाई आली. शिवकन्याची माय. नांदेडहून परत येताना फाट्यावर उतरली होती. लेकीच्या कामाची जागा तिनं आजवर पाहिली नव्हती. चप्पल बाहेर काढून ती आत आली, फरशीवर टेकली आणि त्या मुक्या यंत्राकडं पाहत राहिली.

"बंद पडलं का गं हे?"

"बंद न्हाई, माय. जागं हाय, पन आपलं काम काय हेच त्याच्या ध्यानात न्हाई. हळूहळू सांगून राहिले."

निळ्या केबलवर नजर ठेवून आशाबाईनं सांगितलं, की शिवकन्या झाली तेव्हा आपल्याला मोठा ताप भरला होता. उतरला तेव्हा आशाबाई कुणालाच ओळखीना. तिची आई उशाशी बसून रोज सांगायची, हे तुझं घर, हे तुझं लेकरू.

हे शिवकन्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मंग मला कधी ओळखलं?"

"लई दिवस न्हाई ओळखलं. पन तू रडली की दूध यायचं."

शिवकन्या उठून मायजवळ फरशीवर जाऊन बसली. मायच्या खांद्याला धुळीचा आणि केळीच्या पानाचा वास होता. दोघींचा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि फाइल पुरती उतरली होती.

या खेपेला तिनं ती तपासली, मगच स्विच सुरू केला. एक दिवा लागला, मग दुसरा. एकापाठोपाठ एक गावं परत जोडली गेली. नवं सॉफ्टवेअर तिनं पुढच्या आठवड्यात घातलं, ते नीट बसलं.

त्या संध्याकाळी मात्र गावं परत आल्याचं सांगायला तिनं कुणाला लगेच फोन केला नाही. माय उठून खिडकीशी गेली होती, फाट्यावरची वर्दळ बघत होती. शिवकन्या तिच्याकडं बघत राहिली.