पऱ्हाट्यांची मोळी घेऊन कलकत्त्याला

नाना गेले त्याला आता पाच आठवडे झाले. दीपनगरच्या कॉलनीत सकाळी फिरताना ते कायम आमच्या पुढे असत आणि मागे वळून आम्हालाच म्हातारे म्हणत. खरं तर सगळ्यांत वयस्कर तेच. झोपेतच गेले… तिथेही आमच्या पुढेच.

वीजकेंद्रात मी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढली, पण त्यांना एक गोष्ट डाचत होती हे निवृत्तीनंतर समजलं. धुळ्याच्या शाळेत त्यांच्या बाकावर लियांग नावाचा चिनी मुलगा बसे. त्याचे वडील दातांचे डॉक्टर. चीनशी लढाई झाली तेव्हा अख्ख्या वर्गाने त्याच्याशी बोलणं टाकलं. "मी त्याना दोस्त, अन् मीबी तोंड फिराई लिधं," नाना सांगत. पुढे ते कुटुंब कलकत्त्याला निघून गेलं आणि माफी राहून गेली ती राहूनच गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एकदम ठरलं, आम्ही दोघांनी जायचं. पत्ता? "चिनी वस्ती" एवढाच! पण रिकाम्या हाताने जाणारा माणूस खानदेशी कसला! नानांनी पाच किलो भरताची हिरवी वांगी घेतली आणि सोबत वाळलेल्या कपाशीच्या काड्यांची, म्हणजे पऱ्हाट्यांची, मोळी बांधली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते भरीत मानतच नसत. हावड्यापर्यंत ती मोळी माझ्या पायांना टोचत होती. तिकीट तपासनीसाने विचारलं तेव्हा नानांनी बेधडक "औषधी काड्या" म्हणून सांगितलं.

चिनी वस्तीत सकाळचा नाश्त्याचा बाजार भरला होता. टोपल्यांतून वाफा निघत होत्या, लाल दाराच्या देवळातून उदबत्तीचा वास येत होता आणि नाना डोक्यावर मोळी घेऊन मजेत सगळं न्याहाळत होते. पाव विकणाऱ्या एका चिनी आजीला त्यांनी लियांगबद्दल विचारलं. "कौन, धुळेवाला?" असं म्हणून तिने गल्लीचं टोक दाखवलं. साठ वर्षांनंतरही तिथे त्याचं नाव धुळेवालाच!

लियांगने नानांना बघताक्षणी ओळखलं. आणि अहिराणी? आमच्या पोरांपेक्षा चोख. मग अंगणात पऱ्हाट्या पेटल्या. आगच लागली समजून शेजारी बादल्या घेऊन धावले, एकाने तर दोन वांगी विझवलीसुद्धा. उरलेल्याचं भरीत सगळ्या गल्लीने खाल्लं. जेवता जेवता नानांनी घास पानात ठेवला. "लढाईना टाइमले मी तुनासंगे बोलनू नही… माफ कर, भाऊ."

"कवय? माले काही याद नही," लियांग म्हणाला आणि त्याने नानांच्या पानात आणखी भरीत वाढलं. परतीच्या गाडीत नाना लहान मुलासारखे गाढ झोपले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

नाना गेल्याचं कलकत्त्याला कळवायचं काम माझ्यावर आलं. फोनवर लियांगने आधी नाना कसे गेले ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "माले बठ्ठं याद व्हतं, सगळंच. बाकवर मी येकला बसू… पन तो इतला दूरतून वांगा लयीसन उना व्हता, त्याले काय सांगू?"

नानांना हे कधीच कळलं नाही. मला त्याचा फार आनंद वाटतो.