पडद्यावरची अबोल बाई

आदिलाबादजवळच्या बोथ गावातल्या आमच्या किराणा दुकानात बोलायचं काम माझं आणि सामान काढून द्यायचं काम यांचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ही वाटणी कधी बदलली नाही. मराठी, तेलुगू, हिंदी, ज्याला जे कळेल त्यात मी बोलते. माझा नवरा मुळातच अबोल, म्हणून त्यांच्या वाट्याचंही मीच बोलते.

मागच्या वर्षी एका तेलुगू प्रेमपटाचं फार कौतुक झालं. पेपरात, फोनवर, जिथे तिथे तेच. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीने बापाला आदिलाबादला नेऊन तो दाखवला. मी दुकानात थांबले. परत आल्यावर जेवताना हे आपणहून म्हणाले, "काय बाई आहे ती! काई बोलतच नाई. नुस्ती पाह्यते, अन् समदं समजते."

माझ्याबद्दल हे इतकं लांबलचक बोलल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं.

आठ दिवसांनी माल आणायला गेले ते दुपारच्याऐवजी संध्याकाळी उगवले. "पुन्हा पाह्यला," स्वतःच सांगितलं. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग मी मुलीला घेऊन गेले. नायिका शाळेत शिकवते, रोज नावेतून नदी पार करते. नाव चालवणारा तिच्याकडे बघतो, ती पाण्याकडे बघते. असं अडीच तास. लोक डोळे पुसत होते. मी मात्र तिची वेणी, तिचं मनगट, मान वळवायची तऱ्हा बघत होते. यांना नेमकं काय आवडलं असेल ते शोधत होते. सापडत गेलं तसतशी आतून पेटत गेले.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, कसा वाटला?"

"त्या पोरीले तोंड उघडाले काय झालं होतं?"

"तेच तं भारी आहे ना!"

दुसऱ्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही. चहा दिला, ताट वाढलं, आणि यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "काऊन वहिनी, तोंड आलं का?" मी मान हलवायची. यांना भाव सांगावे लागले, तेही दोनदा चुकले. माझ्या पाहण्यातून त्यांना काहीएक समजत नव्हतं. उलट मी पाहिलं की ते शर्टाची बटणं तपासायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना तेलुगूत सांगू लागले. दोन दिवस झाले, बोलत नाही, नुसती टक लावून पाहते, तिच्या आईलाही शेवटी असंच झालं होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला. डॉक्टरांनी माझ्या घशात बॅटरी मारली, तेव्हा मला राहवलं नाही.

"घशाले काई झालं नाई," मी म्हणाले. "मी ठीक आहो."

यांनी डॉक्टरांना हात जोडले आणि मला बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. नदी, नाव, ती बाई, माझे दोन दिवस.

"येडी आहेस का तू? मी घाबरून मरून राह्यलो होतो."

"मंग ती आवडते का नाई, ते सांगा."

माझा नवरा खोटं बोलत नाही, हेच वाईट. म्हणाले, "आवडते. पण ते सिनेमातलं आहे."

पहिलाच शब्द मला जास्त ऐकू आला.

आता तो सिनेमा फोनवर आला आहे. हे अधूनमधून लावतात, मी शेजारी बसून नावं ठेवते: असं कुठं असते का, इतक्या पाण्यात साडी भिजत नाई का, हिच्या घरी कोणी सैपाक करते का नाई. हे सिनेमा थांबवतात, माझं होईपर्यंत वाट पाहतात, मग पुन्हा सुरू करतात. परवा हसलेसुद्धा. म्हणाले, "तुह्यासंग पाह्यला का जास्त मजा येते."

मी विरघळले, नाही असं नाही. पण तेवढ्यात पडद्यावर तिने मान वळवली, आणि हे माझ्याकडे बघायचं सोडून तिकडे बघू लागले.