मेथीची पिशवी

आज मंडईत पुतण्या दिसला. मला पाहताच निखिल हातातली मेथीची पिशवी गाड्यावरच टाकून मागच्या गल्लीत शिरला. मला भयंकर राग आला.

नाचणीच्या नूडल्सचा धंदा काढताना त्याने ह्यांच्याकडून पैसे घेतले होते. ह्यांनी ते आहेराच्या पाकिटात घालून दिले, वर रुपया चिकटवलेला. "आहेर कुणी परत मागतं का रे?" म्हणाले होते. धंदा वर्षभरात बसला आणि निखिलचं येणंच थांबलं. हे गेले तेव्हाही तो आला नाही.

बँकेचा हप्ता चुकला तर माणूस निदान साहेबांपुढे जाऊन हात जोडतो. आम्ही कधी काही मागितलंच नाही, तर हा तोंड चुकवतो. काय करावं या शहाण्याचं? ह्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायला मला घरचं माणूस हवं होतं.

"मावशी, ते दादा पैसे देऊन पिशवी विसरले. तुमच्या ओळखीचे का?" भाजीवालीने विचारलं.

"आमच्याच घरचा आहे," म्हणत मी पिशवी उचलली.

घरी येऊन फोन केला, त्याने घेतला नाही. मग निरोप लिहिला: "तुझी मेथी माझ्याकडे आहे. न्यायला ये, गाढवा."

मेथी उद्यापर्यंत टिकत नाही, एवढं तरी त्याला कळत असेल.