सात नंबरच्या खोलीची एकच किल्ली

नणंदेच्या मुलीचं लग्न उरणला होतं. नणंदेचं घर द्रोणागिरीला, दोन खोल्यांचं. म्हणून आम्हा पाहुण्यांची सोय समुद्राजवळच्या एका जुन्या हॉटेलात केली होती. पुरुष खाली हॉलमध्ये गाद्या टाकून आणि बायका वर, एका खोलीत दोघी. मला सात नंबरची खोली दिली. सोबत कोण, ते नणंदेनं सांगितलं नाही. दार उघडलं तर पलंगावर माझी मोठी जाऊ बसलेली.

आमचा चार वर्षांचा अबोला होता.

लग्न करून मी कळंबोलीला आले तेव्हापासून आम्ही दोघी जावा एकाच घरात बारा वर्षं राहिलो. मी पहिल्यापासून बुजरी. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत मी मोठ्या जावेच्या पाठीमागे उभी राहायची आणि माझं काम त्या सांगायच्या. मी त्यांना ताई म्हणायची. पुढे मोठे दीर आणि ताई खारघरला उंच बिल्डिंगीत राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी आम्हीही कळंबोलीतच फ्लॅट घेतला आणि त्या संक्रांतीला मी घरी पहिलं हळदीकुंकू ठेवलं.

हळदीकुंकवाचं बोलावणं बाईनं स्वतः दारी जाऊन, कुंकू लावून करायचं असतं. मोठ्या जावेला तर करायलाच हवं. ताईंना बोलावणं गेलं ते माझ्या मिस्टरांच्या फोनवरून. त्या आल्या नाहीत. "फोन करून बोलावतात ते गॅसवाल्याला," असं त्या नणंदेला म्हणाल्या आणि ते माझ्या कानावर आलं. तेव्हापासून बोलणं बंद. फोन का गेला, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, नवा फ्लॅट घेतला तशी मी शिष्ट झाले. मी गप्पच असते, त्यामुळे त्यांना ते खरंही वाटलं असेल. मला मात्र रोज वाटायचं, एकदा त्यांनी "अगं" म्हणून हाक मारावी.

तर अशा आम्ही दोघी आणि समोर ती खोली. पोपटी रंगाच्या भिंतींना पापुद्रे सुटलेले. बाहेर खरा समुद्र असताना भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र. खिडकीतून समुद्र दिसतो असं नणंद म्हणाली होती. दिसायचा, पण पलंगावर उभं राहिलं तर, पाण्याच्या टाकीच्या आणि नारळाच्या मधून, ओढणीएवढा. गीझरचा लाल दिवा सारखा चालू आणि पाणी गार. दोन पलंग एकमेकांना चिकटवून ठेवलेले होते. ताईंनी मध्ये आपली बॅग उभी केली.

पण खरी गंमत किल्लीची झाली. खोलीला किल्ली एकच. तिला पोळपाटाच्या पायासारखा जाड लाकडाचा ठोकळा बांधलेला, त्यावर सात आकडा. दुसरी किल्ली मागितली तर मॅनेजर नणंदेला म्हणाला, "ती हरवली, ताई. मी नोकरीला लागायच्या आधीच हरवली." एक बाहेर गेली तर दुसरीला सांगून जायला हवं. न बोलता सांगायचं कसं?

ताईंनी वाट काढली. त्या बंद टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "मांडवात चाललेय. किल्ली टेबलावर आहे. ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी."

मी बर्फाच्या डोंगराला म्हटलं, "बरं."

मग दुपारभर तसंच चाललं. "पंख्याचं बटण खालचं आहे, वरचं दाबलं की ठिणगी उडते," हे त्यांनी पंख्याला सांगितलं. "चहा आलाय," हे मी चहाच्या थर्मासला सांगितलं. नणंद एकदा डोकावली आणि म्हणाली, "काय वहिनी, जमतंय ना दोघींचं? काय टेन्शन नाही ना?" आम्ही दोघींनी एकदम "नाही" म्हटलं. ती हसू दाबत पळाली.

संध्याकाळी हळद होती. त्याआधी तासभर मोकळा होता. ताई मांडवात नवरीचे हात सजवायला गेल्या होत्या. मला समुद्रावर जावंसं वाटलं. एवढ्या जवळ येऊन पाय न भिजवता कसं जायचं? मी दार लावलं आणि किल्ली खाली काउंटरवर द्यायला निघाले. तर तिथे मॅनेजर आणि मुलाकडचे चार-पाच पुरुष गप्पा मारत उभे. माझे पाय जिन्यातच थांबले. त्यांच्यात शिरून किल्ली पुढे करणं मला जमेना. मी ठोकळा पर्समध्ये कोंबला, पदर सावरला आणि मागच्या दारानं निघाले. ताई यायच्या आत परत येऊ, असा विचार केला.

ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि मध्ये मध्ये काळे खडक. चपला हातात घेऊन मी पाण्यापर्यंत चालत गेले. एक बाई गाडीवर बर्फाचे गोळे विकत होती, तिच्याकडून बोटानं दाखवून काला खट्टा घेतला. पाण्यात उभी राहून तो चोखत असताना मला वेळेचं भान राहिलं नाही.

मागून आवाज आला, "अगं!"

चार वर्षांनी. मी दचकले, गोळा पाण्यात पडला.

ताई गाउन वर धरून खडकांतून येत होत्या. चेहरा लाल. "पाऊण तास जिन्यावर बसलेय मी! हळदीची साडी आत, पिवळ्या बांगड्या आत, आणि मी घामेजलेल्या गाउनवर! मुलाकडची प्रत्येक बाई विचारून गेली, काय हो, इथे का बसलात? किल्ली काउंटरवर द्यायला काय झालं होतं?"

"तिथे पुरुष उभे होते," मी म्हटलं.

"मग?"

"मला लाज वाटली."

"किल्ली द्यायला लाज? अगं, पन्नाशी उलटली तुझी. नातवंडं आली!"

मला रडू आलं आणि त्या भरात तोंडून निघून गेलं, "तुमच्या गेटवरून पण अशीच परत गेले होते."

"कधी?"

"हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी. करंडा घेऊन आले होते. वॉचमननं विचारलं, किसके घर जाना है? मी म्हटलं, ताईंकडे. तो म्हणाला, कौनसी ताई, नाम बोलो. फ्लॅट नंबरचा कागद मी घरीच विसरले होते. मागे पार्सलवाल्यांची रांग लागली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तशीच बस पकडून घरी आले."

"नाव सांगायचंस की माझं!"

"मोठ्या जावेचं नाव मी कसं घेऊ? कधी घेतलंय का?"

ताईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या. हसता हसता खडकावर बसल्या, गाउन भिजला तरी उठेनात. "ताईंकडे! अगं, बावीस मजल्यांत दीडशे ताया असतील! कुठल्या ताईला खाली पाठवायचं त्यानं?"

मलाही हसू फुटलं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलतच नव्हतात."

"मी बोलत नव्हते म्हणून तू पण नाही?" त्या म्हणाल्या. "आणि मी म्हणत बसले, हिला शिंगं फुटली." मग गोळेवाल्या बाईला हाक मारली, "दोन काला खट्टा द्या हो! हिचा पाण्यात गेला."

हळदीला आम्ही दोघी सगळ्यांत उशिरा पोचलो. दोघींच्या जिभा जांभळ्या. नणंदेनं बघितलं आणि काही न विचारता दोघींच्या गालांना हळद फासली. खोलीत आलो तेव्हा ताईंनी मधली बॅग उचलून खाली ठेवली.

लग्न आटोपून निघताना त्यांनी ठोकळा माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर रिक्षाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काउंटरवर आजही पुरुष होतेच. मी मध्ये शिरले आणि म्हटलं, "सात नंबर." आवाज जरा जास्तच मोठा आला. मॅनेजर घाबरून उभाच राहिला.

या संक्रांतीला मी खारघरला त्याच गेटवर गेले. पदराखाली करंडा होता. वॉचमन नवा होता, पण प्रश्न तोच. फ्लॅट नंबरचा कागद पर्समध्ये होता. तो मी काढला नाही. डोक्यावर पदर घेतला, मनात म्हटलं, माफ करा ताई, आणि त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

गेटच्या आतल्या झाडामागून आवाज आला, "ऐकू नाही आलं. परत सांग!"

मी येणार हे कळवलं होतं, म्हणून ताई खाली येऊन तिथेच उभ्या होत्या. मी परत सांगितलं, आणि तिथेच, वॉचमनच्या समोर, त्यांना कुंकू लावलं.