गुरुसिद्धअण्णा आणि इझमीरचं पाकीट

गुरुसिद्धअण्णा पाकीट कधी चिकटवून आणत नसत. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, गुळाचे सौदे आटोपले की ते आमच्या पोस्टात येत, रांगेत उभे राहत, आणि माझ्या खिडकीशी आले की उघडं पाकीट काट्यावर न ठेवता त्यातला कागद बाहेर काढत. त्यातलं एकच वाक्य मराठीतून वाचून दाखवत आणि विचारत, "खरं वाटतंय काय?" मी 'हो' म्हटलं तरच डिंक लावायचा. मागे मनीऑर्डरवाला खोळंबलेला असो नाहीतर टेलिग्रामवाला, अण्णांना त्याचं काही नसे.

ब्याण्णव साली मी त्या पोस्टात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यात हा प्रकार माझ्या वाट्याला आला. मी नवी होते आणि जरा फणकाऱ्याची होते. म्हटलं, "वजन सांगणं माझं काम आहे, खरंखोटं सांगणं नाही." अण्णा शांतपणे म्हणाले, "वजन काय, काटा बी सांगतोय की अक्का." रांगेतली सगळी माणसं हसली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतोय, याचंच मला आधी हसू आलं. पण अण्णा गडहिंग्लजकडचे लिंगायत, घरात कानडी बोलणारे. त्यांच्या लेखी खुर्चीवर बसलेली प्रत्येक बाई अक्काच होती.

पाकीट जायचं तुर्कस्तानला, इझमीर नावाच्या गावी. तिथं नेजात नावाचा सुक्या अंजिरांचा एक व्यापारी होता. कॉलेजात असताना कुठल्याशा मासिकातून पत्ता घेऊन अण्णांनी त्याला पत्र टाकलं होतं. पुढे वडील वारले, इंग्रजीचं एम. ए. राहिलं, आणि अण्णा गूळ मार्केटात अडतीच्या गादीवर येऊन बसले. तिकडे नेजातचंही शिक्षण असंच अंजिरांच्या पेट्यांखाली गेलेलं. एक इंग्रजी तेवढं दोघांना सुटलं नाही. दोघांचीही ती आपली भाषा नव्हती, म्हणून दोघंही तिच्याशी फार जपून वागत.

एका पत्रात दोघांची 'टेक' या इंग्रजी क्रियापदावरून जुंपली. एवढासा शब्द, पण त्याला एका मराठी शब्दात बसवता येईना की एका तुर्की शब्दात. मग ठरलं की या एकाच शब्दाची वही करायची. लाल कापडी बांधणीच्या, अडत दुकानात असतात तशा दोन लांब वह्या अण्णांनी विकत घेतल्या आणि एक नेजातला पार्सलनं पाठवली. तीन रकाने: इंग्रजी, मराठी, तुर्की. कोपऱ्यात अण्णा हळूच कानडीही लिहीत, ती त्यांच्या आईसाठी. नियम एकच होता आणि भलता कडक होता. शब्दकोशातून काही उतरवायचं नाही. ज्याचं वाक्य, त्याच्या आयुष्यात ते त्याच महिन्यात घडलेलं पाहिजे. समोरच्याला शंका आली तर त्यानं ते वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून, कारण न देता परत पाठवायचं.

"गूळ रंग बघून घेऊ नये, अक्का," अण्णा मला सांगायचे. "फोडायचा, बोटात दाबायचा, मग जिभेवर ठेवायचा. शब्दाचं बी तसंच हाय." एखादा अर्थ मनासारखा जमला नाही की म्हणायचे, "ह्यो अजून ओला हाय. सुकू दे." आणि खरंच वर्षभर तो रकाना कोरा ठेवायचे.

त्यांच्यामुळे माझ्यासारख्या बारावी पास बाईला कळलं, की औषध इंग्रज घेतात, आपण घेतो, पण तुर्की माणूस गोळीसुद्धा पितो. त्याला ते 'इचमेक' म्हणतात. फोटो आपण काढतो, ते ओढतात. वेळ आपल्याला लागतो, त्यांचा नुसता चालू राहतो. आणि परीक्षा! इंग्रज ती घेतो, आपण देतो, तुर्की माणूस तिच्यात शिरतो. हे नेजातनं कळवलं तेव्हा अण्णा आठवडाभर खुशीत होते. पण वहीतल्या त्या ओळीत आपलं वाक्य लिहायचं तर त्याच महिन्यात परीक्षा दिलेली हवी. अण्णांची शेवटची परीक्षा होऊन तीस वर्षं झालेली. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. अण्णांनी चोपन्नाव्या वर्षी इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला. सहा महिने रोज सकाळी टायपिंगच्या क्लासात लेकीच्या वयाच्या मुलींच्या ओळीत बसून खडखडाट केला, परीक्षेला बसले आणि नापास झाले. त्या मंगळवारी त्यांनी मला वाक्य वाचून दाखवलं: "या महिन्यात मी परीक्षा दिली आणि पडलो. गौरव्वा म्हणते, गुळात बोटं घालून जन्म गेल्यावर टायपिंग कसं यील?" त्यांनी विचारण्याआधीच मी म्हटलं, "अगदी खरं वाटतंय."

गौरव्वा म्हणजे अण्णांची बायको. ठसठशीत, मोठ्या आवाजाची बाई. पत्रात बिचारीचा उल्लेख नाही असा महिना नसे, आणि ती अण्णांना झाडत नाही असा उल्लेख नसे. "त्या तुर्काला धड कळंना, तुमास्नी धड कळंना. दोघं मिळून काय ते येकदा ठरवा आन् गप जेवा," हेही एका पत्रात जसंच्या तसं इंग्रजीत गेलेलं मी पाहिलंय. नेजात प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायचा, "या महिन्यात गौरव्वा काय म्हणाली?" मी रुजू झाल्यावर पाचेक वर्षांनी त्याची स्वतःची बायको गेली. तेव्हा त्यानं अण्णांना दोन ओळींत कळवलं आणि पुढचे चार महिने काही लिहिलं नाही. त्यानंतर दर दिवाळीच्या सुमारास गौरव्वाच्या नावानं अंजिरांची पेटी येऊ लागली. 'टेक ऑफ'चा, विमानानं उडण्याचा जो अर्थ आहे, त्याची ओळ तेवढी दोन्ही वह्यांत कोरीच होती. दोघांपैकी कुणीच विमानात बसलेलं नव्हतं. "तेवढं ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणायचे.

अकरा वर्षांत त्रेचाळीस अर्थ झाले. मग गौरव्वावहिनी आजारी पडल्या, आणि श्रावणात एक दिवस आमचा पोस्टमन बाबू टपाल वाटून आला तो टोपी काढून माझ्या टेबलाशी उभा राहिला. "अण्णांच्या वैनी गेल्या," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोस्टातली चौघं त्यांच्या घरी जाऊन आलो. अण्णा घोंगड्यावर बसले होते. मला बघून नुसती मान हलवली. दुसऱ्या महिन्यात ते आले नाहीत. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आले, रांगेत उभे राहिले, आणि कागद काढून वाचलं: "या महिन्यात मी गौरव्वाला घेऊन गडहिंग्लजला लग्नाला गेलो. ती दोन पुरणपोळ्या जास्त जेवली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "खरं वाटतंय काय?"

मी त्यांच्या घरी जाऊन आलेली बाई. त्यांना ते माहीत, मलाही माहीत. मागे माणसं उभी होती. मी म्हटलं, "वाटतंय."

त्यांनी डिंक लावला. लावता लावता, कुणी न विचारताच, खालच्या आवाजात म्हणाले, "हितं समद्यास्नी कळलंय. इझमीरच्या त्या येका घरात ती अजून हाय, अक्का. ते बी घर बंद करू काय?"

पत्ता चुकलेलं टपाल परत पाठवणं ही माझी रोजची नोकरी, पण ते पाकीट मी तिकीट लावून पुढे सरकवलं. त्यात माया होती हे खरं. पण भित्रेपणाही होता, हे आता सांगायला हरकत नाही. दर महिन्याला मी 'वाटतंय' म्हणत राहिले. जो माणूस एका अर्थासाठी वर्षभर थांबायचा, त्यानं त्या काळात महिन्याला एकेक अर्थ भरला. गौरव्वा ज्योतिबाला गेली, गौरव्वानं नवी साडी घेतली, गौरव्वानं कळंब्याच्या तळ्यावर फोटो काढून घेतला. अण्णा सौद्यात उभे असायचे, पण गूळ जिभेवर ठेवायचे नाहीत, असं बाजारातली माणसं सांगत. मग एकदा बाबू घाबरून परत आला. रजिस्टर पत्र घेऊन तो अण्णांच्या दुकानात गेला होता. अण्णा त्याला म्हणाले होते, "घरात दे जा. ती हाय घरात." आणि पुन्हा चोपडीत डोकं घातलं होतं. मी बाबूला म्हटलं, होतं असं या वयात. त्यालाही पटलं नाही आणि मलाही.

नंतरच्या आषाढात अण्णा मंगळवार नसताना आले. हातात पाकीट होतं, पण ते जायचं नव्हतं, आलेलं होतं. खिडकीतून आत सरकवत म्हणाले, "वाचा." मी उघडलं तर आतून कागदाच्या पट्ट्या टेबलावर पडल्या. आठ. नेजातच्या नीटस अक्षरात अण्णांची आठ वाक्यं, एकूण एक परत आलेली. सोबत एक छोटी चिठ्ठी होती. माझं इंग्रजी बेताचंच, पण एवढं मला समजलं: "मित्रा, या आठ पत्रांत गौरव्वा तुला एकदाही बोललेली नाही. अकरा वर्षांत असा एक महिना गेला नव्हता. तिला जाऊन किती दिवस झाले?"

मी वर बघितलं. मला वाटलं अण्णा रडतील, पण ते माझ्यावर रागावले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"त्यो हजारो मैलांवर बसून बोलला. तुमी माझ्यासमोर बसलाय. तुमास्नी ठावं हुतं का न्हवतं?"

"होतं, अण्णा."

"मग म्हणायला पायजे हुतं. मी ऐकलं नसतं. भांडलो असतो. पर तुमी म्हणायला पायजे हुतं."

मी 'चुकलं' एवढंच म्हणाले. ते बाजूच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं माझ्याकडे एक कोरा कागद मागितला आणि तिथंच गुडघ्यावर पाटी धरावी तशी काखेतली लाल वही धरून लिहायला लागले. अर्धा तास लिहिलं असेल. आणून दिलं त्यात इंग्रजीत दोनच ओळी होत्या. माझी बायको श्रावणात वारली. आणि खाली, त्या शब्दाचा चव्वेचाळिसावा अर्थ, आठवलेला नव्हे, अंगावर आलेला: मला ते टेक करता आलं नाही. त्याशेजारी आखलेला मराठीचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता.

"हितं काय लिवू?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला मत विचारलं होतं, शब्द कधीच विचारला नव्हता.

मी म्हटलं, "सोसलं नाही."

त्यांनी तो शब्द पुटपुटून, जिभेवर ठेवून बघितला. मग लिहिलं. वाक्य वाचून दाखवलं नाही, काही विचारलंही नाही. डिंक लावून पाकीट माझ्या हातात दिलं आणि गेले.

उत्तर यायला दीड महिना लागला. अण्णा ते न फोडताच घेऊन आले. "माझा हात चालंना. तुमीच फोडा," म्हणाले. त्यात तुर्की रकान्यातला एकच शब्द होता. खाली इंग्रजीत त्याचा उच्चार आणि अर्थ सांगितलेला: 'दायानामादिम', सोसलं नाही. नेजातच्या बायकोला जाऊन तोवर सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत नेजातनं अंजिरं पाठवली, अर्थ पाठवले, थट्टा केली, पण स्वतःबद्दल त्या दोन ओळींपलीकडे अक्षर लिहिलं नव्हतं. आता शब्दाशेजारी त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे माझं वाक्य. याच महिन्यातलं."

मी ते मराठीत वाचून दाखवलं. अण्णांनी खिडकीच्या लाकडावर दोन्ही हात टेकले आणि त्यांच्या तोंडून हुंदका फुटला, मोठा, सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असा. घरी घोंगड्यावर बसले होते तेव्हाही ते रडले नव्हते. रांगेत सात-आठ माणसं होती. मी 'बंद'ची पाटी खिडकीत लावली, बाजूचं दार उघडून बाहेर आले, अण्णांना धरून बाकावर नेलं आणि त्यांच्याजवळ बसले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कामाच्या वेळेत मी खिडकी सोडली ती तेवढी एकदाच.