दातांच्या डॉक्टरांचा चेलो

दातांचे डॉक्टर चेलोही दात काढल्यासारखाच वाजवायचे, नेमका, स्वच्छ आणि समोरच्याला हलू न देता. कागदाबाहेरचा एक सूर वाजवतील तर शपथ! त्यांचा मेहुणा मात्र सॅक्सोफोनवाला. जॅझची एकच धून तो दोनदा सारखी वाजवायचा नाही. दोघांचं जमणं अशक्यच होतं, पण डॉक्टरीणबाई पियानो वाजवायच्या आणि नवरा काय, भाऊ काय, दोघांनाही त्यांचा धाक होता. म्हणून तिघांचा वाद्यवृंद निघाला. सराव दवाखान्यातच, पेशंटच्या बाकांवर बसून.

पहिल्याच कार्यक्रमात मेहुणा जुन्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनेच्या मधूनच जो सुटला, तो परत यायचं नाव घेईना. डॉक्टर आधी घामाघूम झाले, मग त्यांचं टाळकं फिरलं. गज बाजूला ठेवून ते बोटांनीच तारा ताडताड छेडायला लागले. मेहुण्यानंही तोडीस तोड उत्तर दिलं. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

"अहो, काय मोकळं वाजवलंत आज!" बाई म्हणाल्या.

"मोकळं कसलं? शिव्या घालत होतो तुझ्या भावाला!"

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी बाई दोघांचं व्यवस्थित भांडण लावून देतात आणि मगच पियानोचं झाकण उघडतात.